धूळपाटी आणि परवचा
पूर्वी मुलाच्या हाती आधी पेन्सिल येत नसे. पाटावर पसरलेल्या धुळीत बोटाने ‘श्री’ गिरवायचा. हीच धूळपाटी. दिवेलागणीला परवचा होई: पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. सोळा आण्यांच्या रुपयाचा हिशेब त्यांवरच चाले. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि या पाढ्यांची गरज सरत गेली.

त्याच्या पाचच महिने आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढे कारभाराची भाषा कन्नड झाली. आपल्या मुलांनी कन्नड अक्षरे, अंक जरूर शिकावेत. पण मराठीचा ‘श्री’ घरातच गिरवला जाईल. पावकी गेली ती गेली. परवचा मात्र मोडू देऊ नये.