मानेवरचे ओझे : हमालांच्या मान-खांदादुखीत घ्यावयाची दक्षता

गोंदिया : धान आणि राईस मिल ही गोंदिया जिल्ह्याची ओळख. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात धान निघाले की खरेदी केंद्रे, गोदामे आणि मिलच्या आवारात पोत्यांची चढ-उतार सुरू होते. धानाचा कट्टा साधारण ४० किलोचा, तर तांदळाचे पोते ५० किलोचे असते. ते उचलताना तोल गेला, झटका बसला, की मान आखडते आणि खांदा भरून येतो. मजुरी पोत्यामागे मिळत असल्याने हमाल दुसऱ्याच दिवशी कामावर हजर होतो. दुखणे जुनाट होण्यास ही घाई अनेकदा कारणीभूत ठरते.

नेमके काय होते?

मानेपासून खांद्यांपर्यंत पसरलेल्या स्नायूंचे सूक्ष्म तंतू अचानक आलेल्या ताणाने फाटतात. तेथे सूज येते आणि आजूबाजूचे स्नायू आखडून घेतात. त्यामुळे मान वळवताना चमक निघते. मणक्यांमधील चकती सरकून नस दाबली गेल्यास कळ हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात.

पहिले काही दिवस

पहिले ४८ तास बर्फ कापडात गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा, १५ ते २० मिनिटे शेकावे. त्यानंतर गरम शेक आराम देतो. ओझे पूर्णतः बंद ठेवावे. मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. वेदना वाढणार नाही इतपत मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवावी, खांदे वर-खाली करावेत. मानेचा पट्टा वैद्यकीय सल्ल्याविना अनेक दिवस वापरल्यास स्नायू दुर्बल होतात. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार वा उच्च रक्तदाब असल्यास त्या अपायकारक ठरू शकतात. मान झटक्याने मोडून घेणे कटाक्षाने टाळावे. त्यातून मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीस इजा होऊन क्वचित पक्षाघातही ओढवतो.

तातडीने रुग्णालय केव्हा गाठावे?

हातातील शक्ती कमी होणे, बधिरता, चालताना तोल जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, तापासह मान ताठ होणे किंवा उंचावरून पडल्यानंतर मानेत तीव्र वेदना होणे ही धोक्याची लक्षणे होत. खांदा-हाताच्या दुखण्यासोबत छातीत दडपण आणि घाम असल्यास हृदयविकाराची शक्यता गृहीत धरावी. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून केटीएस सामान्य रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे.

कामावर परतताना

बहुतांश रुग्णांना काही आठवड्यांत आराम पडतो. मात्र वेदना थांबणे आणि स्नायू बळकट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते आणि हात डोक्यावर विनासायास जातो, याची खात्री झाल्यावरच ओझ्याचा विचार करावा. आरंभी पोती शिवणे, मोजणी, वजनकाटा अशी हलकी कामे करावीत. पुढे दोघांनी मिळून पोते उचलावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो आहे. कट्टा वा पोते त्या मर्यादेत बसत असले, तरी दुखावलेल्या खांद्याला हा हिशेब लागू पडत नाही.

माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. तरीही जखमी हमालाला दोन आठवडे हलके काम द्यायचे की नाही, हे प्रत्यक्षात मुकादम आणि मिलमालकावरच अवलंबून असते. ती सवलत मिळाली नाही, तर आठवड्याभराची मजुरी वाचविताना पुढचा संपूर्ण हंगाम गमावण्याची वेळ येऊ शकते.