तिरोड्याचे सेनानी आणि तंजावरचे सैनिक

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. आपल्या सहली तेथवर जातात आणि तेथूनच परत फिरतात. तंजावरहून पूर्वेकडे निघणारा रस्ता कावेरीच्या खाचरांमधून समुद्राला भिडतो, तेथे नागपट्टणम् हे जुने बंदर आहे. १९९१ पर्यंत हे बंदर तंजावर जिल्ह्यातच मोडत असे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या धक्क्यापासून सुरू होतो, म्हणून वाचकांना प्रथम तेथे नेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तंजावर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील भूमिहीन शेतमजूर या बंदरातून मलायाकडे जाऊ लागले. तेथील मळ्यावरचा मुकादम गावी येई. त्याला ‘कंगाणी’ म्हणत. तो उचल देई, जहाजाचे भाडे भरी आणि आपल्याच आळीतली पंधरा-वीस माणसे घेऊन परत जाई. पिनांगला उतरल्यावर ती रबराच्या मळ्यांत पांगत. १९३८ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही मजूर-भरती थांबवली, तोपर्यंत मलायात लाखो तमिळांची वस्ती झाली होती. गाव मागे राहिलेले आणि मळा कधीच आपला न झालेला, अशा स्थितीत ही माणसे होती. त्यांच्या मुलांनी १९४३ मध्ये खाकी गणवेश चढवला, तेव्हा त्यांच्या सैन्याच्या कारभाराची सूत्रे हातात असलेला अधिकारी होता कोकणातला एक मराठा : जगन्नाथराव कृष्णराव भोसले.

केवळ आडनाव तेच आहे म्हणून तंजावरच्या राजघराण्याशी त्यांचे नाते जोडण्याचे कारण नाही. तंजावरशी त्यांचा संबंध निराळा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा आहे.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ मध्ये सावंतवाडी संस्थानातील तिरोडा या गावी झाला. देहरादूनच्या लष्करी विद्यालयातून ते इंग्लंडमधील सँडहर्स्टला गेले. त्या काळी ब्रिटिश राजाची सनद मिळवणारे हिंदी अधिकारी बोटांवर मोजण्याइतके होते. देहरादूनची लष्करी अकादमी निघाली १९३२ मध्ये. त्याआधी हिंदी तरुणाला हा मान हवा असेल तर सातासमुद्रापार जाणे भाग होते. सिंगापूर पडले तेव्हा ते रॉयल गढवाल रायफल्सचे लेफ्टनंट कर्नल होते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश सेनेने सिंगापुरात शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी युद्धकैद्यांना गोऱ्या सैनिकांपासून वेगळे काढून जपान्यांच्या हवाली करण्यात आले. चाळीस हजारांवर माणसे त्या मैदानावर उभी होती. कॅप्टन मोहन सिंग यांच्या पुढाकाराने आझाद हिंद सेना उभी राहिली आणि तिच्यातील ‘हिंदुस्थान फील्ड ग्रुप’चे नेतृत्व जगन्नाथरावांकडे आले. राजाला दिलेली शपथ त्यांनी मोडली, हे खरेच आहे. तो निर्णय सोपा नव्हता. अनेक हिंदी अधिकाऱ्यांनी नेमका उलटा निर्णय घेतला आणि त्यासाठी छावण्यांतील हाल सोसले. दोन्ही बाजूंना मानी माणसे होती, हे आज आपण शांतपणे मान्य करू शकतो.

वर्ष सरण्यापूर्वीच ती पहिली सेना मोडली. जपान्यांशी मतभेद झाले, मोहन सिंगांना अटक झाली आणि डिसेंबर १९४२ मध्ये सैनिकांवर पुन्हा कैदी होण्याची पाळी आली. सुभाषबाबू अद्याप यायचे होते. मधल्या काही महिन्यांत या विस्कटलेल्या सैन्याची मोट पुन्हा बांधण्याचे काम ज्या लष्करी विभागाकडे सोपवले गेले, त्याचे प्रमुख जगन्नाथराव होते. इम्फाळच्या मोहिमेच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. भरती, शिक्षण, शिस्त आणि शिधा यांच्या कथा कोणी लिहीत नाही. त्यांच्यावाचून मात्र नेताजींना जुलै १९४३ मध्ये सिंगापुरात सलामी द्यायला सैन्य उरले असते काय, याची शंकाच आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, तेव्हा सेनेच्या प्रतिनिधींमध्ये जगन्नाथरावांचे नाव होते. पुढे ते मेजर जनरल झाले.

नेताजींनी हाक दिली आणि मळ्यांतली तरुण मुले हजारोंनी पुढे आली. त्यांतील बहुतेकांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. नेताजी हिंदुस्थानीत बोलत आणि सभेत त्याचे तमिळ भाषांतर होत असे. सेनेतील हिंदुस्थानी रोमन लिपीत शिकवली जाई, कारण शीख, गढवाली, पठाण आणि तमिळ यांना एका लिपीवर आणण्याचा दुसरा मार्ग सापडला नव्हता. या मुलांना केवळ देशभक्तीने ओढून आणले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मळे ओस पडले होते, तांदूळ मिळत नव्हता आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलेले मजूर परत येत नव्हते. पण पोटासाठी आलेला मुलगाही रांगेत उभा राहिल्यावर काहीतरी निराळा होत असावा. कंगाणीसमोर मान खाली घालून उभा राहणाऱ्या बापाचा मुलगा बंदूक खांद्यावर घेऊन ताठ चालू लागला, हा बदल लहान नव्हे. याच मळ्यांतील मुलींचा मोठा भरणा असलेल्या पलटणीला नाव मिळाले होते आपल्या मनकर्णिका तांबे यांचे : झाशीची राणी रेजिमेंट. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्यानंतर अधिकारात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जानकी यांनी पुढे मलेशियाच्या संसदेत सिनेटर म्हणून स्थान मिळवले.

युद्ध संपले. लाल किल्ल्यातील पहिल्या खटल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ यांना झालेली जन्मठेप १९४६ च्या आरंभी रद्द करावी लागली. पण स्वातंत्र्यानंतरही आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांना सैन्यात परत घेतले गेले नाही. ज्या स्वतंत्र सैन्यासाठी शपथ मोडली, त्याचीच दारे बंद राहिली. सैन्याच्या एकजुटीसाठी हा निर्णय आवश्यक होता असे समर्थन त्या वेळी केले गेले. त्यात तथ्य असेलही, पण ऐन चाळिशीतील सँडहर्स्टच्या पदवीधराने पुढे काय करावे याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने दिले. शाहनवाज खान मीरतकडून लोकसभेत गेले आणि जगन्नाथराव रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसचे खासदार झाले. नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्रिपद मिळाले. या खात्याकडे लष्करी माणसाचे लक्ष सहसा जाणार नाही. फाळणीने उखडून आलेल्यांची संख्या १९५१ च्या जनगणनेत सुमारे ७३ लाख भरली होती. त्यांच्यासाठी घरे, कर्जे आणि मालमत्तेचे दावे यांचा डोंगर सरकारपुढे होता. जगन्नाथरावांची नजर गेली ती छावण्यांत वाढणाऱ्या मुलांकडे. ती मुले उनाड, संतापी आणि कशावरच विश्वास न ठेवणारी झाली होती.

१९५४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरातील कस्तुरबा निकेतन या निर्वासित वसतिस्थानात त्यांनी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. कवायत, व्यायाम, सामुदायिक गीते, थोरांच्या कथा, स्वच्छता असे तिचे साधे स्वरूप होते. शिक्षकांमध्ये माजी सैनिक होते. मलायातील मळ्यांवरच्या मुलांना सैनिक होताना पाहिलेल्या माणसालाच छावणीतल्या मुलांसाठी हा उपाय सुचावा, यात मला योगायोग वाटत नाही. दोन्ही ठिकाणी समोर उभी होती ती गाव नसलेली मुले. हा माझा तर्क आहे. पण त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे मला तरी दुसऱ्या कशाने सांधता येत नाहीत.

लोकसभेत ते एकच कार्यकाळ राहिले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोकणातून काँग्रेस वाहून गेली आणि रत्नागिरी व राजापूर या दोन्ही जागा विरोधकांनी घेतल्या. योजना मात्र शिक्षण खात्याकडे जाऊन निर्वासितांपलीकडच्या शाळांमध्ये पसरली, आणि राजस्थानातील सारिस्का येथे तिच्या प्रशिक्षकांची शाळा निघाली. तिच्यावर टीकाही झाली. मुलांना ठोकळ्यासारखे एका तालावर हलवणे म्हणजे शिक्षण नव्हे, असे म्हणणारे होते. तीस वर्षे इतिहास शिकवल्यावर मला ती टीका अगदीच अस्थानी वाटत नाही. शिस्त प्रश्न विचारण्याची सवय मारते, याचा अनुभव प्रत्येक शिक्षकाला येतो. तथापि ज्याच्या आयुष्यात कसलीच घडी उरलेली नाही अशा मुलाला सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आपली वाट पाहिली जाते हे कळणे, याची किंमत वर्गाच्या आत बसून ठरवता येणार नाही.

जगन्नाथरावांचे निधन १९६३ मध्ये झाले. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीनुसार त्यांची योजना इतर शारीरिक शिक्षण कार्यक्रमांत विलीन होऊन १९६५ मध्ये ‘राष्ट्रीय स्वास्थ्य दल’ निर्माण झाले. त्याच वर्षी आपली शाळा सुरू झाली. दलाचे प्रशिक्षक पुढे राज्याराज्यांतील शाळांमध्ये वाटले गेले आणि सामान्य कवायत-शिक्षक म्हणून निवृत्त झाले.

मुंबईत मंत्रालयासमोरून जाणाऱ्या रस्त्याला जनरल जगन्नाथराव भोसले यांचे नाव आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी कामानिमित्त त्या रस्त्यावरून जात असतील. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात शिरताना पाटी डोळ्यांसमोर येते. नागपट्टणमच्या धक्क्यावर मात्र मलायाकडे गेलेल्या जहाजांची वाट समुद्राकडे पाहतच ओळखावी लागते.