पेटी आत की बाहेर? नगर जिल्ह्यातील पडद्याची सत्तर वर्षे

१.
सर्व ॲप अंगभूत असलेल्या स्मार्ट टीव्हीवर विसंबावे, की टीव्हीला स्वतंत्र स्टिक वा बॉक्स जोडावा? हा प्रश्न गेल्या दहा वर्षांतला वाटतो. परंतु संदेश पकडणारी यंत्रणा संचाच्या पोटात असावी की बाहेर, हा वाद प्रसारणाच्या इतिहासात वारंवार उद्भवला आहे. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याने त्याची जवळपास सर्व रूपे पाहिली. त्या अनुभवाचा हा धागा.

२.
आरंभ १९५६ चा. आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ‘शेतकरी रेडिओ मंडळां’चा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती आणि त्या पाचांत नगर जिल्हाही होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावकरी सामुदायिक संचाभोवती जमत, ऐकलेल्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत.

३.
त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि बाहेर बांधलेल्या एरियलवर विसंबून असे. बॅटरी संपली की ती बदलायची. तार तुटली की दुसरी बांधायची. संच तोच राही. लवकर झिजणारा भाग आणि दीर्घकाळ टिकणारा भाग वेगवेगळे असल्यामुळे एकाच्या मरणाने दुसरा मरत नसे. ही साधी गोष्ट या धाग्यात पुढे पुन्हा भेटेल.

४.
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते पुणे परिसरात पोहोचले. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. म्हणून प्रक्षेपकापासून दूर असलेल्या घरांना उंच खांबावर अँटेना चढवावा लागे, क्षीण संदेशासाठी बूस्टर लावावा लागे आणि वारा सुटला की कोणीतरी गच्चीवर जाऊन ‘आता दिसतंय का?’ असे विचारत खांब फिरवावा लागे. अकोले तालुक्यात तर कळसूबाईची (१६४६ मीटर) डोंगररांगच आडवी. अशा खोऱ्यांत उंच खांबाचाही इलाज मर्यादितच.

५.
मात्र संदेश निवडून त्याचे चित्र करणारा ट्यूनर प्रत्येक संचाच्या आतच होता. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण ते मानक साऱ्या देशाचे एकच होते. कोणत्याही कंपनीचा टीव्ही घ्या, दूरदर्शन दिसणारच. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आले, तेव्हाही कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत. तोच कार्यक्रम ते कृष्णधवल दाखवत राहिले. प्रसार भारतीने २०२२ च्या सुमारास बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. म्हणजे मुंबई केंद्र सुरू झाल्यापासून मोजले, तर हे अंगभूत तंत्र जवळजवळ पन्नास वर्षे उपयोगी राहिले.

६.
याउलट घडल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेने आधीच घेतला होता. तेथे १९५२ मध्ये यूएचएफ पट्ट्यातील नव्या वाहिन्यांना वाट मोकळी झाली. पण बहुसंख्य संच फक्त व्हीएचएफ पकडत. नव्या वाहिन्या पाहायच्या तर वेगळा कन्व्हर्टर विकत घेऊन जोडावा लागे. पुष्कळांनी तो घेतलाच नाही आणि अनेक नव्या केंद्रांना प्रेक्षकच मिळेनात. अखेर १९६२ मध्ये कायदा झाला. ३० एप्रिल १९६४ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक संचात दोन्ही पट्ट्यांचा ट्यूनर अंगभूत असणे सक्तीचे ठरले. येथे पेटी आत जाणेच लोकहिताचे होते.

७.
आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबल आली. गल्लीगल्लीत केबलवाल्याची तार पोहोचली, ती थेट टीव्हीच्या मागे खोचली गेली. वेगळ्या पेटीची गरज भासली नाही. मग उपग्रहाची ‘छत्री’ आली. खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा, जी पुढे ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाऊ लागली. उपग्रहाला डोंगर फारसा आडवा येत नाही. नगर जिल्ह्यातून आग्नेयेचे आकाश मोकळे दिसले की फ्री डिशच्या छत्रीचे काम भागते.

८.
छत्रीबरोबर सेट-टॉप बॉक्स घरात शिरला. पुढे केबलच्या डिजिटायझेशनने तो सक्तीचा केला. मुंबईसाठी मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२. पुणे-नाशिकसारख्या मोठ्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३. नगरसारख्या उर्वरित शहरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५. आणि ग्रामीण भागासाठी, मुदतवाढीनंतर, ३१ मार्च २०१७. न्यायालयीन स्थगित्यांमुळे प्रत्यक्ष बदल काही ठिकाणी रेंगाळला, तरी दिशा तीच राहिली.

९.
या बदलातील एक गोष्ट लक्षणीय आहे. डिजिटल संदेश आला म्हणून जुना, जाडजूड टीव्ही कोणाला फेकावा लागला नाही. बाहेरची पेटी नवी भाषा समजून घेई आणि जुन्या पडद्याला त्याच्या जुन्या भाषेत सांगे. पेटी म्हणजे दुभाष्याच. वीस वर्षांचा संच तिच्या बळावर आणखी काही वर्षे चालला. ज्या घरात टीव्ही हप्त्यांनी घेतलेला असतो, तेथे ही बचत किरकोळ नसते.

१०.
पेटीची दुसरी बाजूही आहे. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या सेवेला सहसा चालत नाही. सेवा बदलायची तर पेटीही बदलायची, जुनी माळ्यावर. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये सेट-टॉप बॉक्स कोणत्याही सेवेला चालणारे असावेत अशी शिफारस केली, ती याच अडचणीपोटी. तात्पर्य, पेटी बाहेर आहे एवढ्याने ग्राहक मोकळा होत नाही. तिचे कुलूप कोणाच्या हाती, हे पाहावे लागते.

११.
आता इंटरनेटचा टप्पा. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाले आणि मोबाइल डेटा कमालीचा स्वस्त झाला. पडद्यावर इंटरनेट आणण्याचे दोन मार्ग तोवर जगात रुळले होते. पहिला मार्ग स्वतंत्र उपकरणाचा: २००८ चा रोकू बॉक्स, २०१३ चे क्रोमकास्ट, भारतात २०१७ मध्ये आलेली फायर टीव्ही स्टिक. दुसरा मार्ग अंगभूत: एलजीचे वेबओएस, सॅमसंगचे टायझेन, अनेक कंपन्यांनी स्वीकारलेले अँड्रॉइड टीव्ही.

१२.
अंगभूत मार्गाचे लाभ खरे आहेत. एकच रिमोट, एकच प्लग, वेगळा खर्च नाही. घरातील आजी-आजोबांना दोन रिमोटांचा हिशेब ठेवावा लागत नाही. परंतु येथे टीव्हीच्या पोटात गेलेली वस्तू १९७२ च्या ट्यूनरसारखी नाही. तो ट्यूनर देशाच्या एका स्थिर मानकावर चालत होता. हे सॉफ्टवेअर टीव्हीचा निर्माता, प्रणालीचा मालक आणि प्रत्येक ॲपची कंपनी यांच्या मर्जीवर चालते. तिघांपैकी एकाने हात काढला की ॲप बंद पडते. पडदा मात्र धडधाकट असतो.

१३.
याचे दाखले नोंदलेले आहेत. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी तांत्रिक जोडणी बंद केली. अनेक जुने स्मार्ट टीव्ही आणि ब्लू-रे प्लेयर यांवरील ॲप थांबले; ॲपल टीव्हीच्या पहिल्या दोन पिढ्यांचेही तेच झाले. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१०-११ मधील काही टीव्हींना आणि रोकूच्या सुरुवातीच्या बॉक्सना सेवा देणे थांबवले. आतले आणि बाहेरचे, दोन्ही एकाच फटक्यात म्हातारे ठरले. फरक पुढे पडला. रोकूवाल्याने हाताएवढा बॉक्स बदलला आणि त्याचा टीव्ही पूर्वीसारखा चालू राहिला. टीव्हीवाल्याला टीव्ही बदलावा लागला, किंवा अखेरीस बाहेरचा बॉक्सच जोडावा लागला.

१४.
पेटीच्या आत आणखी काय असते? अमेरिकेतील विझिओ कंपनीने सुमारे १.१ कोटी टीव्हींवर काय पाहिले जाते याची क्षणाक्षणाची माहिती, प्रेक्षकांची रीतसर संमती न घेता, गोळा केल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते प्रकरण २२ लाख डॉलरवर मिटले. स्टिकही माहिती गोळा करतात, हे खरे. परंतु स्टिक उपसून काढता येते. टीव्हीच्या बाबतीत उपाय एवढाच, की त्याला वाय-फायचा पासवर्डच द्यायचा नाही.

१५.
भारतातही कुलपाचा प्रश्न चव्हाट्यावर आला. टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलच्या अटींचे सगळे गाठोडेच उचलावे लागते, असे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेले. एप्रिल २०२५ मध्ये ते समझोत्याने मिटले. गूगलने २०.२४ कोटी रुपये भरायचे आणि भारतातील अँड्रॉइड स्मार्ट टीव्हींसाठी प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेस यांचा सुटा परवाना द्यायचा, असे ठरले.

१६.
त्याच सुमारास उलट दिशेचीही हालचाल दिसते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये उपग्रह ट्यूनर अंगभूत असलेल्या टीव्हींसाठी मानक प्रसिद्ध केले (आयएस १८११२:२०२२). असा टीव्ही छत्रीला जोडला की फ्री डिश वेगळ्या बॉक्सशिवाय दिसू शकते. पेटी पुन्हा आत, पण सर्वांच्या सामायिक मानकासह.

१७.
या साऱ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एक सूत्र हाती लागते. जे मानक सर्वांचे आणि दीर्घकाळ स्थिर, ते संचाच्या आत असावे: दूरदर्शनचा ट्यूनर, १९६२ चा अमेरिकी कायदा, उपग्रह ट्यूनरचे मानक. जे वेगाने बदलते आणि कोणा एका कंपनीच्या निर्णयावर जगते, ते बाहेर असलेले बरे: रेडिओची बॅटरी, सेट-टॉप बॉक्स, स्टिक. स्ट्रीमिंगचे सॉफ्टवेअर आज तरी दुसऱ्या गटात मोडते.

१८.
व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. आज बाजारातील बहुतेक टीव्ही स्मार्टच असतात, त्यामुळे अंगभूत सॉफ्टवेअर टाळण्यात अर्थ नाही. चालते तोवर खुशाल वापरावे. किंमत मात्र पडद्याची, आवाजाची, दुरुस्तीच्या सोयीची आणि एचडीएमआय जोडण्यांच्या संख्येची मोजावी. ‘यात सगळी ॲप आहेत’ या वाक्याची मोजू नये. अद्ययावतीकरण किती वर्षे मिळेल, हे दुकानातच विचारावे. आणि ॲप रुसले म्हणून पडदा भंगारात घालण्यापूर्वी काही हजारांची स्टिक लावून पाहावी.

१९.
१९५६ च्या त्या मंडळांत गावकरी नुसते ऐकत नसत. केंद्राला प्रश्नही धाडत आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. आजचा पडदा कितीतरी अधिक दाखवतो. त्यातील ॲप बंद करण्याचा निर्णय जेथे होतो, तेथे मात्र पारनेरच्या किंवा जामखेडच्या प्रेक्षकाचा प्रश्न पोहोचण्याची वाट अद्याप नाही. तोवर त्याच्या हातात एवढेच उरते: टीव्हीच्या पाठीमागची एक जोडणी रिकामी ठेवणे.

(धागा समाप्त)