खताचा ढीग आणि शाळेचा वाफा

बुधवाऱ्यातली आमची मुले केळीच्या मुलखात वाढतात. पण मेथीचे बी किती खोल पेरावे असे विचारले, तर बहुतेकजण एकमेकांकडे पाहतात. शाळेत मातीत हात घालून शिकणे आम्हांला नवे खूळ वाटते. प्रत्यक्षात या विचाराचे दोन धागे बुरहानपूरच्या दोन बाजूंनाच कातले गेले: एक उत्तरेला इंदूरला, दुसरा पूर्वेला वर्ध्याला.

इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’त १९२४पासून अल्बर्ट हॉवर्ड काम करीत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग वरखाली करायचा; सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार. सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली ही रीत पुस्तकात मांडली. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली आणि सेंद्रिय शेतीचा एक पाया ठरली. १९३५मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ती संस्था पाहिली.

ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’ आकाराला आली. सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ती चालवून दाखवली. सूतकताईबरोबर शेती आणि सफाई हेही तिथे अभ्यासाचेच भाग होते. वाफा मोजताना क्षेत्रफळ, भाजी तोलताना हिशोब, कचरा कुजताना विज्ञान!

स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणी बुनियादी शाळा निघाल्या आणि हळूहळू नावापुरत्या उरल्या. सरकारला दोष देणे सोपे आहे. पण आपल्या मुलाचे हात मातीने भरू नयेत, असे वाटणारे पालक आम्हीच होतो. खुरपे गरिबाच्या मुलाला आणि पुस्तक आपल्या मुलाला, अशी वाटणी आम्ही मनोमन केली. सेवाग्रामात मात्र २००५मध्ये ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू झाली आणि मुले पुन्हा वाफ्यावर आली.

दहा दिवस आम्ही बाप्पाला दूर्वा, पत्री, फुले वाहतो. यंदा ते निर्माल्य तापीत न सोडता शाळेच्या आवारात थर रचून ठेवू या. खत मुलांनीच वरखाली करावे. दिवाळीनंतर ते तयार होईल, तेव्हा मेथीही त्यांनीच पेरावी. आम्ही मोठ्यांनी फक्त एवढेच करायचे: मळलेल्या हातांवर ओरडायचे नाही.