कर्णा, पटल आणि बैठक : घरगुती ध्वनिक्षेपकांच्या दोन परंपरा

‘कर्णा’ हा शब्द मूळचा देवळातील व लष्करातील लांब फुंकवाद्याचा. ग्रामोफोन आला तेव्हा त्याच्या रुंद नळ्यास तेच नाव मिळाले; पुढे खांबावर टांगलेल्या विजेच्या यंत्रासही. वस्तू पालटल्या, परंतु एक अर्थच्छटा टिकून राहिली : कर्ण्यास तोंड असते, आणि ते जिकडे वळवावे तिकडे नाद जातो. मिरजेच्या तंबोऱ्यास असे तोंड नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्यापासून चालत आलेल्या या कारागिरीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची तार छेडली की तबली व भोपळा दोन्ही कंप पावतात आणि नाद चहूंकडे पसरतो. गायकाच्या मागे दोन्ही बाजूंस तंबोरे ठेवण्याची रीत याच गुणावर उभी आहे.

१९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग यांनी फिरत्या वेटोळ्याचा कागदी शंकू सिद्ध केला, आणि घरगुती यंत्रातून कर्णा हळूहळू गेला. त्याचे तोंड मात्र पुरते गेले नाही. दर सेकंदास १०० कंपनांच्या खर्ज स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. ती पेटीस वळसा घालून सर्वत्र पसरते. १०,००० कंपनांची लहर ३.४ सेंटिमीटरचीच, ती शंकूसमोर झोतासारखी सरळ जाते. म्हणजे एकाच पेटीतून खर्ज खोलीभर व जवारीची झिलई समोरच्यापुरती, अशी विभागणी होते. या दोषावर दोन परस्परविरुद्ध उपाय निघाले.

पहिला उपाय सपाट पटलाचा. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांचा क्वाड विद्युत्स्थितिक ध्वनिक्षेपक १९५७ साली बाजारात आला. त्यात विद्युत्भारित पातळ पापुद्रा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये हलतो. अमेरिकेत जिम विनी यांनी १९६९ पासून पापुद्र्यास तारा चिकटवून व चुंबक लावून तेच साधले. पटल पुढे व मागे सारखाच, पण उलट कलेचा नाद देते. त्यामुळे कडेच्या बाजूस तो परस्परांत विरतो. दुसरा उपाय चहूंकडे नाद देण्याचा. लिंकन वॉल्श यांनी शंकूच उभा केला. त्या कल्पनेवर ओम कंपनीने १९७० च्या दशकात यंत्रे काढली. बंगाली पित्याचे पुत्र अमर बोस यांच्या १९६८ च्या यंत्रातील नऊपैकी आठ शंकू भिंतीकडे तोंड करून असतात. ते काटेकोरपणे सर्वदिशी नव्हे, परंतु खोलीस वादनात सामील करून घेण्याचा हेतू तोच.

तंबोरा चहूंकडे वाजतो, म्हणून ध्वनिक्षेपकही चहूंकडे वाजावा, हा युक्तिवाद मोहक आहे. पण तो अपुरा आहे. ध्वनिक्षेपक हे वाद्य नव्हे. ध्वनिग्राहकापाशी जे पोहोचले तेच त्याने परत द्यावयाचे असते, आणि सभागृहात केलेल्या मुद्रणात त्या सभागृहाचे प्रतिध्वनी आधीच सामावलेले असतात. सर्वदिशी यंत्र त्यावर घरच्या भिंतींचे प्रतिध्वनी चढविते. आदर्श द्विमुखी पटल समोर तेवढाच आवाज देताना खोलीत एकतृतीयांशच ध्वनिशक्ती सोडते. गिलावा केलेल्या भिंती आणि फरशीची जमीन असलेल्या आजच्या सांगली-साताऱ्याच्या घरांत हा फरक किरकोळ नाही; तेथे शब्दांचे उच्चार, विशेषतः ऊष्म व्यंजने, पटलावरच स्वच्छ कळतात. वाईजवळच्या मेणवलीसारख्या वाड्यांतील लाकडी छताच्या सोप्यात प्रश्न इतका तीव्र होत नाही.

जुन्या तबकड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. भारतात १९०२ साली मुद्रण सुरू झाले तेव्हा गायकास कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. मेणावर खोली उमटतच नसे. मिरजेस स्थायिक झालेले व तेथेच चिरविश्रांती घेत असलेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या विजेच्या ध्वनिग्राहकाने घेतलेल्या आहेत. तरी त्यांतही बैठकीची जागा फारशी नाही. अशा कोरड्या, एकपदरी मुद्रणास घरच्या खोलीचा आधार मिळाला तर आक्षेप कशासाठी घ्यावा? येथे सर्वदिशी यंत्र भर घालीत नाही, उणीव भरून काढते.

श्रोता कोण, हाही प्रश्न उरतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीने १५० गावांत शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग केला. निवडलेल्या पाच जिल्ह्यांत उत्तर सातारा होता. (दक्षिण साताऱ्यास ‘सांगली’ हे नाव १९६० साली मिळाले.) एका संचाभोवती मंडळी बसून ऐकत आणि मग चर्चा करीत. घरातील श्रवणही बराच काळ असेच होते : कोणी सोप्यावर, कोणी माजघरात, कोणी चुलीपाशी. क्वाडचे पटल या ऐकण्यासाठी घडलेले नव्हते. त्याचे उंच स्वर अरुंद पट्ट्यात जातात. आसन हातभर सरकले की तोल बिघडतो, आणि मागील भिंतीपासून त्यास मीटरभर तरी दूर ठेवावे लागते. ते एका श्रोत्याचे, एका खुर्चीचे यंत्र आहे. सर्वदिशी यंत्रापुढे मानाचे आसन असे राहत नाही. स्वयंपाकघरातील बाईसही दिवाणखान्यातील पाहुण्याइतकीच जवारी ऐकू येते.