लेबनॉनच्या जुन्या वेली

बायबलच्या वाचकाला लेबनॉन हे नाव परके नाही. शलमोनाच्या मंदिरासाठी गंधसरूचे लाकूड तेथून आले आणि होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात तेथील द्राक्षारसाच्या कीर्तीचा उल्लेख आहे. त्या भूमीतील द्राक्षवेलींचा अर्वाचीन इतिहासही तितकाच मनन करण्याजोगा आहे.

लेबनॉन पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर बेकाचे खोरे पसरले आहे. रोमन काळात याच खोऱ्यात बालबेकची भव्य मंदिरे उभी राहिली. पुढे उस्मानी अमलात, १८५७ साली, येशूसंघीय धर्मगुरूंनी कसारा येथे द्राक्षमळा हाती घेतला. अल्जीरियातून सॅन्सो जातीच्या वेली आणून त्यांनी येथील द्राक्षशेतीला नवे वळण दिले. १९७३ साली त्यांनी हा व्यवसाय विकला. तोवर खोऱ्यात इतरांचे मळेही रुजले होते.

त्यांपैकी एक होशार कुटुंबाचा. १९३० साली गास्तों होशार या तरुणाने बैरुतच्या उत्तरेस, गझीर येथील जुन्या गढीत 'शातो मुझार' या नावाने द्राक्षारस तयार करण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात लेबनॉनमध्ये आलेले ब्रिटिश सैन्यातील मेजर रोनाल्ड बार्टन हे बोर्दोच्या एका प्रसिद्ध द्राक्षमळ्याचे धनी होते. त्यांच्याशी गास्तों यांचा इतका स्नेह जडला की, त्यांनी आपल्या धाकट्या मुलाचे नाव रोनाल्ड ठेवले. थोरला सर्ज बोर्दो येथे या विद्येचे शिक्षण घेऊन १९५९ साली पित्याच्या जागी उभा राहिला.

मुझारचा तांबडा द्राक्षारस सॅन्सो, कॅरिन्यान व कॅबर्ने सॉव्हिन्यों या तीन जातींच्या मिश्रणातून होतो. पुष्कळ वेली कित्येक दशकांच्या आहेत. आपल्या नाशिककडील मांडव येथे नाही. सॅन्सो व कॅरिन्यानच्या जुन्या वेली झुडपासारख्या वाढतात. वेल म्हातारी झाली की फळ कमी देते, पण तिची मुळे खोल गेलेली असतात आणि रस दाट उतरतो. प्रत्येक जातीचा रस वेगळा आंबवून वर्षभर ओकच्या पिंपांत मुरवितात. मग त्यांचा मेळ घालून बाटल्या भरतात आणि तळघरात ठेवतात. तोडणीपासून सातव्या वर्षी तो बाजारात येतो.

ही सात वर्षे ध्यानात ठेवली म्हणजे पुढील कथेचे मोल कळते. १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते १९९० पर्यंत चालले. मळे बेकात, तळघर डोंगरापलीकडे गझीरला आणि मध्ये परस्परांवर बंदुका रोखलेल्या फौजांचे नाके. बेदुईन मजुरांनी खुडलेली द्राक्षे ट्रकांतून याच वाटेने न्यावी लागत. १९७६ साली वाटा बंद राहिल्या आणि द्राक्षारस झालाच नाही. १९८४ साली ट्रक इतके दिवस अडकले की फळ वाटेतच आंबू लागले. त्या वर्षीचा द्राक्षारस नेहमीप्रमाणे बाजारात गेला नाही. बाकी प्रत्येक वर्षी तोडणी झाली. उद्याचा भरवसा नसलेल्या शहराजवळ हे कुटुंब सात वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकासाठी पिंपे भरीत होते.

देशातील बाजारपेठ कोसळली, तेव्हा सर्ज यांनी बाहेरची वाट धरली. १९७९ साली ब्रिस्टलच्या प्रदर्शनात मायकेल ब्रॉडबेंट यांच्यासारख्या जाणकाराने १९६७ सालच्या मुझारची वाखाणणी केली आणि ब्रिटनमध्ये त्याला मागणी आली. १९८४ साली, ज्या वर्षी फळ वाटेत नासले त्याच वर्षी, 'डिकँटर' या ब्रिटिश मासिकाने आपला पहिला वार्षिक व्यक्तिसन्मान सर्ज होशार यांना दिला.

३१ डिसेंबर २०१४ रोजी सर्ज यांचे निधन झाले आणि काम पुढील पिढीने सांभाळले. युद्धानंतर बेकात अनेक नवे मळे उभे राहिले. नवी वेल दोन-चार वर्षांत फळ धरते. जुनी वेल मात्र पैसे मोजून उभी करता येत नाही. त्या पंधरा वर्षांत कोणी थकून मुळे उपटली असती, तर आजच्या प्याल्यात हा रस नसता. इतिहासात पराक्रमाच्या तारखा ठळक नोंदल्या जातात. तोडणीच्या दिवशी मळ्यात हजर राहणाऱ्या माणसांची नोंद वेलीच ठेवतात.