खिशातली इलेक्ट्रॉनिक वही

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या ग्रामसंघात सध्या एक चर्चा चालू आहे. गटांचे हिशेब वहीतच ठेवायचे की त्यासाठी एखादं यंत्र घ्यायचं, आणि घ्यायचं तर कोणतं? कोणी म्हणतं मोठ्या पडद्याचा टॅब घ्या. कोणी म्हणतं सचिवताईंचा फोन आहेच की. पैसे सगळ्यांच्या बचतीतले जाणार, त्यामुळे चर्चा गरम आहे. पण हा प्रश्न काही पहिल्यांदा आपल्यालाच पडलेला नाही. मोबाईल घरोघरी यायच्या आधी, तीस-चाळीस वर्षांपूर्वी, परदेशात लोक दुकानात उभे राहून हाच विचार करत होते. त्यांना हवी होती सेलवर चालणारी, खिशात मावणारी वही. पत्ते, फोन नंबर, तारखा, करायची कामं, सगळं एका जागी. तिला ऑर्गनायझर म्हणत. आपल्याकडेही १९९० नंतर शहरातल्या साहेब लोकांच्या खिशात ती दिसू लागली आणि डिजिटल डायरी या नावाने ओळखली जाऊ लागली.

सुरुवात सांगायची तर १९८४ सालापासून सांगते. लंडनमध्ये सायन नावाची कंपनी होती. डेव्हिड पॉटर यांनी ती १९८० मध्ये काढली होती. या कंपनीने १९८४ मध्ये ऑर्गनायझर नावाचंच यंत्र बाजारात आणलं. त्याच्या पडद्यावर एकच ओळ, आणि त्या ओळीत १६ अक्षरं. एवढ्यात काय मावणार? ‘शांताबाई हप्ता बाकी’ लिहिलं की ओळ भरली. पण लोकांनी ते घेतलं, कारण त्याआधी खिशात नेण्यासारखं असं फारसं काही नव्हतं.

त्याच्यातली एक गंमत मला फार आवडते. नोंदी ठेवायला त्यात एक छोटी डबी बसवायची. त्या डबीत एकदा लिहिलेलं सहज पुसलं जात नसे. नोंद खोडली तर ती दिसेनाशी होई, पण जागा अडवूनच राही. सगळी डबी कोरी करायची तर ती खास दिव्याच्या अतिनील किरणांखाली धरावी लागे. लोकांना याचा त्रासच वाटायचा. पण आपल्या खतावणीत आपण शाईनेच लिहितो, खाडाखोड झाली तर तिथे सही घेतो. पैशाच्या नोंदी सहज पुसता न येणं हा काही दोष नाही, असं माझं तरी मत आहे. १९८६ मध्ये या यंत्राची दुसरी आवृत्ती आली आणि मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या मोठ्या दुकानांतही ती वापरली गेली.

पुढे जपानच्या कॅसिओ आणि शार्प कंपन्यांच्या डायऱ्या आल्या. आपल्याकडे ज्या दिसायच्या त्यांपैकी बऱ्याच कॅसिओच्या. बारीक बारीक बटणं, उघडमीट करणारं झाकण. त्यांची खोड वेगळी होती. त्यांच्यातल्या नोंदी सेलच्या जिवावर जगायच्या. मोठा सेल संपला तर नोंदी सांभाळायला आत एक बटणासारखा चपटा सेल असायचा. तोही संपला की सगळे पत्ते, सगळे नंबर गेले. कागदाची वही पावसात भिजली तरी वाळवून निम्मी तरी वाचता येते. इथे पान कोरं.

म्हणून त्या काळी जाणकार माणूस डायरी घेताना किमतीच्या आधी विचारायचा, की यातलं दुसरीकडे उतरवून ठेवता येतं का. आपल्या गटाच्या पद्धतीत याचं उत्तर आधीपासून आहे. एक नोंद गटाच्या वहीत, तीच नोंद सभासदाच्या पासबुकात. दोन जागी, दोन हातांत.

आता १९९३ कडे येते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने न्यूटन नावाचं यंत्र आणलं. किंमत सुमारे ७०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने वीस हजार रुपयांच्या वर. त्याला बटणांची पाटी नव्हती. पडद्यावर काडीने लिहायचं, तुमच्या नेहमीच्या अक्षरात, आणि यंत्र ते वाचून छापील अक्षरात करणार, असं वचन होतं. ऐकायला किती छान! पण यंत्राला अक्षर नीट लागेना. एक शब्द लिहावा तर ते भलताच शब्द समजून घेई. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांत त्याची टिंगल झाली. १९९६ पर्यंत त्याचं वाचन बरंच सुधारलं होतं, पण एकदा बाजारात नाव खराब झालं की मालाचं काय होतं हे पापड-लोणची विकणाऱ्या आपल्या गटांना वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी १९९८ मध्ये कंपनीने न्यूटन बंद केलं. शिवाय ते आकाराने मोठं होतं. शर्टाच्या खिशात काही ते मावायचं नाही.

त्याच १९९३ मध्ये झूमर नावाचं आणखी एक यंत्र आलं आणि पडलं. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जेफ हॉकिन्स यांच्या पाम कंपनीने केलेलं होतं. पडलेल्या धंद्याकडे माणसं सहसा वळून बघत नाहीत. पामच्या लोकांनी मात्र ज्यांनी झूमर विकत घेतलं होतं त्यांनाच विचारलं, की तुम्ही याचं नेमकं करता काय? त्यातून कळलं ते असं. लोकांना खिशात दुसरा कॉम्प्युटर नको होता, तो टेबलावर होताच. या यंत्राची स्पर्धा होती कागदाच्या डायरीशी. डायरी खिशातून काढली, उघडली, लिहिलं, झालं. यंत्राला याहून जास्त वेळ लागत असेल तर ते घ्यायचं कशाला?

मग हॉकिन्सनी एक गोष्ट केली. त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापला. पडदा म्हणून त्याच्यावर कागद चिकटवला, आणि लिहायला काडी घेतली. हा ठोकळा ते कित्येक आठवडे खिशात घेऊन फिरले. बैठकीत कोणी विचारलं, अमुक दिवशी वेळ आहे का, की ठोकळा काढायचा, त्याच्यावर काडीने टकटक करायचं आणि यंत्र असल्यासारखं बघायचं. बघणारे हसले असतील, पण त्या ठोकळ्याने त्यांना बरंच शिकवलं. दिवसातून किती वेळा तो बाहेर निघतो, तेव्हा काय बघायचं असतं, त्यासाठी किती वेळा टिचकी मारावी लागते. जे दिवसातून अनेकदा लागतं ते एका टिचकीत, बाकीचं आत, आणि जे क्वचितच लागतं ते ठेवूच नका. एकही पैसा यंत्रावर घालायच्या आधी वापर करून बघायचा, ही युक्ती फुकटातली आहे.

मार्च १९९६ मध्ये यातून पायलट नावाचं यंत्र बाजारात आलं. साधं मॉडेल २९९ डॉलरचं, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेदहा हजार रुपये. खाली चार बटणं: तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं. रंगीत पडदा नाही. दोन बारीक पेन्सिल सेल घातले की कित्येक आठवडे चालायचं. सोबत एक बैठक यायची, ती कॉम्प्युटरला जोडलेली असे. यंत्र तिच्यात उभं करून एक बटण दाबलं की सगळ्या नोंदींची नक्कल कॉम्प्युटरमध्ये उतरायची. सेल बदलायला मिनिटभराचीच सवड असायची, त्यापेक्षा उशीर झाला तर इथेही नोंदी जायच्या. पण नक्कल दुसरीकडे होती म्हणून माणूस निर्धास्त.

आणि लिहिण्याचं काय? न्यूटनने माणसाचं अक्षर वाचायचा प्रयत्न केला होता. पायलटने उलटं केलं. माणसानेच यंत्रासाठी थोडं वेगळं अक्षर शिकायचं. त्या लिपीला ग्रॅफिटी म्हणत. बहुतेक अक्षरं काडी न उचलता एकाच फटक्यात. इंग्रजी ए काढताना मधली आडवी रेघ द्यायचीच नाही, फक्त उलटा व्ही काढायचा. अक्षरंही पुढे पुढे लिहायची नाहीत, एकाच चौकटीत एकावर एक लिहायची. लोकांना ते थोड्याशा सरावाने जमायचं. आपल्या गटात कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीत सही करायला शिकल्या. नवी अक्षरं शिकायला त्या घाबरल्या नाहीत, पण कशासाठी शिकायचं ते त्यांना आधी समजावं लागलं. इथेही तसंच होतं. शिकायला थोडं, आणि शिकलं की यंत्र फारसं चुकत नाही.

त्या काळात ग्राहकाच्या समोर साधारण तीन वाटा होत्या. ज्याला प्रवासात पानंच्या पानं लिहायची, आकडेमोडीचे तक्ते करायचे, तो सायनचं यंत्र घेई. १९९१ पासून त्यांचं झाकणाचं, बटणांच्या पाटीचं नवं मॉडेल निघालं होतं आणि तेही दोन सेलवर कित्येक दिवस चालायचं. ज्याला मोठ्या कॉम्प्युटरसारखंच सगळं हवं, त्याच्यासाठी १९९६ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईवर चालणारी यंत्रं आली. त्यांत पुष्कळ काही होतं, पण ती सेल भराभर खायची. आणि ज्याला फक्त तारीख, पत्ता आणि काम एवढंच चटकन बघायचं, तो पायलट घेई. खपाच्या बाबतीत पायलट पुढे गेलं, पण सायन घेणारा फसला असं मुळीच नाही. त्याचं काम वेगळं होतं.

एक मात्र खरं. ही सगळी यंत्रं ज्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, ज्याला इंग्रजी येतं, त्याच्यासाठी होती. ग्रॅफिटीत देवनागरी नव्हती. आणि साडेदहा हजार रुपये म्हणजे तेव्हा शेतमजूर बाईची कित्येक महिन्यांची मजुरी.

हा विचार आपल्याच देशात काही लोकांनी केला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर नावाचं यंत्र तयार केलं. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला. तेही हातात मावणारं, काडीने चालणारं, बारीक सेलवर चालणारं. भारतीय भाषांतला मजकूर ते वाचूनही दाखवू शकत असे, म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसालाही त्याचा उपयोग. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची खाच. त्या खाचेत एटीएम कार्डासारखं एक कार्ड बसायचं. त्यांचा हिशेब असा होता की गावातल्या एकेका घराला यंत्र परवडणार नाही, तर यंत्र सगळ्यांचं एक असू दे आणि कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घालायचं, आपल्या नोंदी बघायच्या, काम झालं की कार्ड काढून घरी न्यायचं. बचत गट माहीत असलेल्या माणसालाच सुचावं असं हे. यंत्र गटाचं, पासबुक बाईचं!

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने अमिडा नावाने ते बाजारात आणलं, किंमत दहा हजारांच्या आसपासपासून पुढे. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामासाठी आणि छत्तीसगडमध्ये शिक्षणासाठी ते वापरून पाहिलं गेलं. पण विक्री काही हजारांतच अडकली. तोवर मोबाईल फोन स्वस्त होऊ लागला होता. फोनवर बोलताही यायचं, त्यात नंबरही राहायचे, तारखाही. लोकांनी फोन घेतला. परदेशातही तेच झालं, एकेक करून या वह्या फोनच्या पोटात गेल्या.

फोनबरोबर कार्डाची कल्पना मात्र आली नाही. फोन एकीचा असतो, नोंदी वीस जणींच्या. टॅबची किंमत विचारायला दुकानात जाल तेव्हा हेही विचारा, की प्रत्येकीला तिची नोंद तिच्या हातात कशी मिळणार. आणि टॅब आला तरी तोवर पासबुकं भरणं थांबवू नका.